लाल दिव्याची गाडी!

*यूट्यूबवर व्हिडिओ बघून घरच्या घरी गाडीचं सर्व्हिसिंग केलं. पैसे वाचले, कॉलर टाइट झाली. मग आला कसारा घाट...*

मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. आमच्या गाडीला मात्र २०२३च्या मे महिन्यात लाल दिवा मिळाला. तोही गाडीच्या टपावर नाही, थेट स्टिअरिंगच्या मागे! थर्मामीटर पाण्यात बुडवल्यासारखं दिसणारं ते छोटंसं चित्र, लालभडक, चालू-बंद, चालू-बंद. बाहेर कसारा घाट, दुपारचे पावणेबारा, पुढे मुंगीच्या पावलांनी चढणारा ट्रेलर. मागच्या सीटवर आई. आणि शेजारी बाबा, ज्यांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

पण थांबा. ष्टोरी पहिल्यापासून सांगते.

स्वतः करून बघ ना!

आमची गाडी म्हणजे २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. रिटायर झाल्यावर बाबांनी घेतलेली, म्हणजे आमच्या घरातली लाडावलेली धाकटी मुलगी. ठाण्याच्या सोसायटीत ती आठवड्याचे पाच दिवस कव्हर घालून झोपते, कारण मी ट्रेननं ऐरोलीला ऑफिसला जाते आणि डॉक्टरांनी बाबांना तीन महिने गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलेलं.

सर्व्हिसिंगची तारीख आली. गॅरेजचं एस्टिमेट साडेआठ हजारांचं. हॉस्पिटलच्या बिलातून आम्ही नुकतेच बाहेर येत होतो, त्यामुळे आकडा ऐकून पोटात गोळा आला. त्याच रात्री एक व्हिडिओ समोर आला. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, सगळं घरच्या घरी! व्हिडिओतला माणूस इतका हसतमुख होता, की मला वाटलं हे म्हणजे कांदेपोहे करण्याइतकंच सोपं. शिवाय आमच्या घरात परंपरा आहे. मी लहान असताना बाबा दर रविवारी सकाळी स्कूटर आडवी करून प्लग पॉलिश पेपरनं घासायचे. पाना द्यायचं काम माझं.

सामान आणलं तीन हजार दोनशेचं. शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये जॅक आणि जॅक स्टँड लावले (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, ही बाबांची तंबी!). बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात बिनसाखरेचा चहा. ऑइल झालं. फिल्टर झाला. प्लग झाले. जुना हिरवा कूलंट टबात काढला, नवा भरला, बाजूच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ‘मॅक्स’च्या रेघेपर्यंत ओतला, इंजिन दोन मिनिटं चालवलं आणि बॉनेट धाडकन बंद. एकूण वेळ साडेचार तास. कंबरडं मोडलं, पण कॉलर टाइट!

पिवळा दिवा

रविवारी सकाळी किल्ली फिरवली आणि पहिला झटका. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला तो विझेचना. गाडी तशी नीट चालत होती. मी मात्र घामाघूम.

इथे एक फंडा समजून घ्या. किल्ली ‘ऑन’ केली की सगळे दिवे क्षणभर लागतात. ते बल्ब ठीक आहेत की नाहीत हे गाडी तपासत असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझायला हवेत. जो राहतो, तो काहीतरी सांगतोय. आणि ‘चेक इंजिन’चा अर्थ ‘इंजिन गेलं’ असा मुळीच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला कुठल्यातरी सेन्सरकडून न पटणारा आकडा आला, एवढाच.

ऑफिसातल्या एका मित्राकडे ओबीडी डोंगल होतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. आपल्याकडे एप्रिल २०१३पासूनच्या नव्या बीएस-४ गाड्यांमध्ये ओबीडी-२ आहे. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात डोंगल खुपसायचं, ब्लूटूथनं फोनला जोडायचं, ॲप उघडायचं. माझ्या फोनवर आलं : ‘पी०११३’. म्हणजे, आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं.

आता विचार करा. काल एअर फिल्टरच्या डब्याशी कुस्ती कोणी केली? मीच! बॉनेट उघडलं तर त्या डब्याजवळचा छोटा प्लग वायरीला लोंबकळत होता. टक् करून बसवला, कोड पुसला, दिवा गेला. खर्च शून्य रुपये.

सर्व्हिसिंगनंतर लागलेल्या दिव्यांचं हे पहिलं गुपित : आदल्या दिवशी जिथे हात लावला, तिथेच आधी बघायचं. प्लग बदलल्यावर ‘पी०३००’ किंवा ‘पी०३०१’सारखा कोड आला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाहीये, म्हणजे कॉइलचा कनेक्टर किंवा प्लग ढिला असण्याची शक्यता मोठी. ‘पी०१७१’ आला, तर इंजिनात कुठून तरी हिशेबाबाहेरची हवा शिरतेय, म्हणजे एखादा रबरी पाइप लावायचा राहिलाय का बघा. ‘पी०११८’ म्हणजे कूलंटच्या सेन्सरचं सर्किट तुटलंय. अशा वेळी बऱ्याच गाड्यांचा पंखा थांबायचं नाव घेत नाही, कारण कॉम्प्युटर म्हणतो, ‘मला तापमान कळत नाहीये, तर पंखा आपला चालूच ठेवतो.’ बिचारा!

आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा शॉर्टकट मारू नका. त्यानं मेमरी पुसली जाते, बिघाड नाही. आधी कोडचा फोटो काढून ठेवा.

तर दिवा गेला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. (गाडीच्याही गेली होती, पण ते कळायला आठवडा लागणार होता.) सोमवारी डोंगल मित्राला परत केलं. ऑफिसात तीन दिवस हाच विषय.

घाट आणि घाम

पुढच्या शनिवारी नाशिकला मावसबहिणीचा साखरपुडा. आजारपणानंतर बाबांचा पहिलाच बाहेरगावचा प्रवास. सकाळी निघताना मी बॉनेट उघडून पाहिलं. कूलंटचा डबा ‘मॅक्स’च्याही वर! म्हटलं, चला, कमी नाही, उलट जास्तच आहे.

शहापूरपर्यंत गाडी मस्त पळाली. एसी फुल, आईच्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, बाबा खिडकीतून डोंगर बघतायत. मग कसारा. हा चढ किती अवघड आहे, ते रेल्वेला विचारा. तिथे ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे आणि कसाऱ्याला गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडून इगतपुरीपर्यंत ढकलावं लागतं. आमच्या छोट्या गाडीला मागून ढकलायला कोणीच नव्हतं. पुढे ट्रेलर, गिअर पहिला-दुसरा, बाहेर मे महिन्याचं ऊन. वेग कमी म्हणजे रेडिएटरवर वारा कमी, आणि इंजिनावर लोड मात्र पूर्ण. काहीही लपलेलं असेल, तर ते घाटातच बाहेर येतं.

आधी एसीची हवा कोमट झाली. मग तो लाल दिवा.

बाबा शांतपणे म्हणाले, “एसी बंद कर. हीटर लाव, फुल.”

“बाबा, मे महिन्यात हीटर?”

“लाव गं.”

यात शास्त्र आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. तो लावला, की इंजिनची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते आणि इंजिनला तेवढीच उसंत मिळते. मी हीटर लावला. पण गरम झोत आलाच नाही! आला तो बाहेरचा साधा वारा. आई म्हणाली, “बरं झालं बाई, गरम नाही येत.” मलाही क्षणभर बरंच वाटलं. आमच्या तिघांच्या सुटकेचा तो निःश्वास खरं म्हणजे सगळ्यात मोठी धोक्याची घंटा होता. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा अर्थ हीटरपर्यंत कूलंट पोचतच नाहीये.

पुढच्या वळणावर थोडी रुंद जागा दिसली. गाडी बाजूला घेतली, पार्किंग लाइट लावले, इंजिन बंद. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

ते पन्नास मिनिटं

बाबांना कड्याच्या सावलीतल्या दगडावर बसवलं. आईनं ओला नॅपकिन त्यांच्या मानेवर ठेवला. एक वाजता त्यांची गोळी होती आणि पिशवीत गोळ्या होत्या, हे मी तीनदा तपासलं. साडेचार तासांत वाचवलेले पाच हजार तीनशे रुपये माझ्या डोळ्यांसमोर नाचत होते. माणूस नुकता हॉस्पिटलमधून आलेला, आणि मी त्याला भर उन्हात घाटात आणून बसवलं. कशासाठी? तर एका व्हिडिओसाठी.

एक बाइकवाला दादा थांबला. भला माणूस, लगेच म्हणाला, “फडकं द्या, कॅप उघडतो, पाणी टाकू.” मी फडकं द्यायला निघाले, तर बाबा दगडावरूनच गरजले, “हात लावायचा नाही!” आजारपणानंतर त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांच्या तरुणपणी घाटात वाफाळलेल्या एसट्या थांबायच्या, ड्रायव्हर कॅनमधून पाणी ओतायचे. अशाच एका ड्रायव्हरचा भाजलेला हात बाबांनी पाहिलेला.

त्यामागचं कारण असं. कूलंट प्रेशरखाली असतं. रेडिएटरच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तेवढं प्रेशर ती कॅप धरून ठेवते. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं. तेच प्रेशरखाली सव्वाशे अंशांपर्यंतही उकळत नाही. अगदी आपल्या कुकरसारखं. आता गरम असताना कॅप उघडली तर? प्रेशर गेलं, सगळं द्रव एकदम उकळलं आणि कारंजं थेट तोंडावर. कुकरची शिटी पडायच्या आत झाकण ओढतो का आपण?

तसंच, तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जाऊ शकतो, आणि मग बिल साडेआठ हजारांत भागत नाही.

पन्नास मिनिटांनी रेडिएटरचा वरचा पाइप हातानं दाबण्याइतका निवला. जाड फडकं घेऊन कॅपला हात लावला आणि माझे डोळे पांढरे झाले. कॅप पूर्ण बसलेलीच नव्हती! या कॅपला दोन टप्पे असतात. पहिल्यावर ती नुसती अडकते, दाबून पुढे फिरवल्यावर घट्ट बसते. मी पहिल्याच टप्प्यावर सोडून दिली होती. आत डोकावले तर रेडिएटरमध्ये द्रव दिसेना. आणि बाजूचा डबा? काठोकाठ!

सकाळी ज्या डब्याकडे बघून मी खूश झाले होते, तोच मला बनवत होता. इंजिन तापलं की कूलंट फुगून डब्यात जातं, आणि निवलं की कॅपच्या झडपेतून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. कॅप ढिली असेल, तर जातं, पण परत येत नाही. त्याच्या जागी हवा आत येते.

पाण्याच्या दीड बाटल्या हळूहळू ओतल्या. कॅप दाबून फिरवली. हीटर लावला, आणि या वेळी गरम झोत आला! त्या भाजणाऱ्या हवेचं मी इतक्या प्रेमानं स्वागत केलं, की काय सांगू. खिडक्या उघड्या, एसी बंद, नजर दिव्यावर. इगतपुरी गाठलं.

मेस्त्री काय म्हणाले

इगतपुरीत हायवेलगतच्या छोट्या गॅरेजमधले मेस्त्री चाचपत-चाचपत बॉनेटखाली वाकले. मी सगळा गुन्हा कबूल केला. मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. पण ते एवढंच म्हणाले, “मॅडम, पाणी भरलंत, पण हवा नाही काढलीत.”

पूर्ण सिस्टीम रिकामी करून भरली, की हेडच्या कोपऱ्यांत आणि हीटरमध्ये हवा अडकते. याला एअर लॉक म्हणतात. पंप पाणी ढकलतो, हवेपुढे त्याचं चालत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. मी इंजिन चालवलं होतं दोनच मिनिटं. तो उघडलाच नव्हता, त्यामुळे पलीकडची हवा तिथेच राहिली. त्यात वाईट म्हणजे, सेन्सर नेमका हवेच्या फुग्यात सापडला, तर तापमान चुकीचं दाखवतो. आमचा दिवा लागला, हे नशीबच!

त्यांनी गाडीचं नाक उताराच्या उलट्या बाजूला, वर करून उभं केलं, कॅप उघडी ठेवून गार इंजिन सुरू केलं, हीटर फुल, आणि वरचा पाइप हलके-हलके दाबत राहिले. बुडबुडे येत होते, पातळी खाली जात होती, ते भरत होते. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, मगच कॅप लावली. नंतर ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दुधाळ चहासारखं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट वाचली. वेळेवर थांबलात म्हणून, असं ते म्हणाले. आणखी दोन किलोमीटर रेटलं असतं तर सांगता आलं नसतं.

बिल झालं सहाशे रुपये. साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठत आली होती. गाडीत मी बाबांना म्हटलं, “सॉरी बाबा.” ते म्हणाले, “मी खुर्चीत बसून चहा पीत होतो ना? कॅप मी बघायला हवी होती.” आणि मग खिडकीबाहेर बघत, “दोन महिन्यांनी आज पहिल्यांदा कोणीतरी माझं काही ऐकलं.”

मी काहीच बोलले नाही. घरी दोन महिने आम्ही त्यांना नुसतं ‘बसा’, ‘उठू नका’, ‘उचलू नका’ एवढंच म्हणत होतो.

दिवा कोणता, करायचं काय?

● लाल थर्मामीटर : एसी बंद, हीटर फुल, पहिल्या सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद. किमान अर्धा-पाऊण तास कॅपला हात नाही.

● लाल ऑइलची कुपी : हा दिवा ऑइलच्या प्रेशरचा. लगेच इंजिन बंद, ‘घरापर्यंत जाऊ’ नाही. ऑइल बदलल्यावर तो काही सेकंद जास्त रेंगाळू शकतो. पण दहा सेकंदांत गेला नाही, तर बंद करा. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलंय का, तेही बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की ऑइल गळणारच.

● लाल बॅटरी : चार्जिंग होत नाहीये. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. पट्टा तुटला असेल, तर पाठोपाठ गाडी तापेल.

● पिवळं इंजिन, स्थिर : गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत कोड वाचून घ्या.

● पिवळं इंजिन, लुकलुकणारं : न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. थांबा.

● निळा थर्मामीटर : इंजिन गार आहे, एवढंच. जोरात रेटू नका.

घरी सर्व्हिसिंग केल्यावर...

● पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा. हीटरमधून गरम हवा येते का बघा.

● दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना, डबा आणि रेडिएटर दोन्ही तपासा.

● नळाचं पाणी कायमचं नको, खार धरतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

● काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. ते गोडसर असतं आणि विषारी. सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. जुनं ऑइल आणि कूलंट गटारात न ओतता गॅरेजला द्या.

● लांबच्या प्रवासाआधी आसपास वीस-पंचवीस किलोमीटरची चक्कर मारा. पहिली परीक्षा घाटात नको!

बाबा आता पुन्हा गाडी चालवतात. सर्व्हिसिंग अजूनही मीच करते, पण खुर्ची पार्किंगमध्ये नेत नाही. कूलंट भरताना नरसाळं बाबांच्या हातात असतं. आणि कुठेही निघायचं असलं की ते सीट बेल्ट लावायच्या आधी विचारतात, “कॅप?”

“फिट्ट!” मी म्हणते. तरी ते उतरून एकदा बघतातच.